भिंतीवरचे हळदीचे ठिपके

आई,

काल माझा उजवा हात स्वयंपाकघराच्या भिंतीवर खिडकीच्या चौकटीच्या वरच्या कडेपर्यंत पोचला. तिथे मी पेन्सिलीने रेघ मारली. फाल्गुनात पहिली रेघ मारली होती ती माझ्या छातीच्या उंचीला, मसाल्याच्या फळीच्याही खाली. पाच महिन्यांत हात एवढा चढला. व्यायाम शिकवणारी मुलगी फोनवर टाळ्या वाजवत होती. मी फोन ठेवला, चहाचं आधण ठेवलं आणि त्या रेघेकडे बघत उभी राहिले. काहीच वाटलं नाही. आधण आटलं तेव्हा भानावर आले आणि पुन्हा पाणी ठेवलं. हल्ली बहुतेक गोष्टींचं माझं असंच होतं. तू जाऊन तीस वर्षं उलटली, आणि इतक्या वर्षांत तुला पत्र लिहावं असं मला कधी वाटलं नव्हतं. तुला पत्रं आवडायचीही नाहीत. पोस्टमन फाटकाशी दिसला की आधी तुझा चेहरा उतरायचा. तरी हे तुलाच सांगायचं आहे, कारण ती भिंत तुझी आहे.

माझा खांदा गेला तो कशानेच नाही. पडले नाही, झडले नाही. पौषात एका सकाळी केस बांधायला हात मागे नेला आणि तो कानापाशीच अडला. आधी मी दुर्लक्ष केलं, मग बाम चोळला, मग दोन महिने हात पोटाशी धरून बसले. हाडांच्या डॉक्टरकडे गेले तर तो कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला, "वयाचं आहे, आजी." मी म्हटलं, "वय माझ्या आधार कार्डावर आहे, ते मला वाचता येतं. तुम्ही खांद्याचं सांगा." तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं मी अख्ख्या जिल्ह्याचे आवाज ऐकले, साहेबांपासून दारुड्यांपर्यंत. माणूस ऐकतो आहे की नुसता हूं हूं करतो आहे हे मला श्वासावरून कळतं. निवृत्त झाल्यावर बाईचं नाव पुसलं जातं आणि ती सगळ्यांची आजी होते. मला कुणी विचारलं होतं का? लग्न केलं नाही ते कुणाची आजी व्हायला नव्हे.

तर त्याने एका मुलीचा नंबर दिला. खेडची आहे, इथे मावशीकडे राहते, घरोघर जाऊन व्यायाम शिकवते. पहिल्या दिवशी आली ती पायातल्या चपला नीट जोडून पडवीत ठेवून आत आली, एवढ्यावरूनच मला बरी वाटली. माझा हात धरून तिने वर नेला, बाजूला नेला, मागे नेला. मी ओठ दाबून उभी होते.

"किती दिवस असा पोटाशी धरून बसलात, आजी?"

"आजी म्हणू नकोस. दोन महिने."

"कोणी सांगितलंन तुम्हाला तसं?"

"सांगायला कशाला कोण हवं? दुखत होता, म्हणून जपला."

"जपलात म्हणूनच आखडला ना, मॅडम. खांदा जपायचा नसतो. त्याला कामाला लावायचा."

मी विचारलं, आणि का विचारलं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं, की समजा एखादं माणूस पडलं, हाड मोडलं, प्लास्टर घातलं आणि मग ते निघालं, तर? ती माझ्याकडचं बिस्किट चहात बुडवत म्हणाली, "तरी तेच. प्लास्टर निघालं की हळूहळू हलवायला लागायचं. नाहीतर जन्माचा आखडतो." मग उठून भिंतीशी गेली, तळहात टेकला आणि बोटं एकेक करून वर नेत मला दाखवायला लागली. "हे असं, रोज. आणि जिथे हात थांबेल तिथे खूण करायची, म्हणजे उद्या तिच्यापुढे जायचं. मुंगी चढते ना भिंतीवर, तशी बोटं चढवायची."

मुंगी चढते तशी. हे शब्द मी आधी ऐकले होते. रिक्षात, तुझ्या तोंडून.

तू विहिरीच्या पायरीवर घसरलीस आणि उजवा हात खांद्याशी मोडलास तो श्रावणातला सोमवार होता. मी ड्यूटीवर निघाले होते आणि तुला म्हटलं होतं की आता नळ आला आहे, विहिरीवर जाऊ नकोस. तू म्हणालीस, देवाला नळाचं पाणी कसं घालायचं गो? तुझे खांदे मला आत्ता दिसतात. बाबा गेल्यावर तू आठ-दहा माणसांचे डबे करायचीस, त्या सगळ्यांचं पाणी रोज रहाटाने ओढायचीस, पाट्यावर वाटायचीस आणि संध्याकाळी माझ्या पुस्तकांना कव्हरं घालायचीस. त्या जोरावर तू मला कॉन्व्हेंटात घातलंस. आमची सिस्टर पट्टी घेऊन रांगेतून फिरायची आणि ज्या मुलीला पोक असेल तिच्या पाठीवर टेकवायची, "शोल्डर्स बॅक, गर्ल्स!" मी घरी येऊन तुला सांगितलं की सिस्टर म्हणते, खांदे मागे हवेत. तू वाटता वाटता थांबून बसल्या जागी ताठ झालीस आणि म्हणालीस, "असे?" तुझे खांदे सिस्टरपेक्षा चांगले होते. हे मी तुला सांगितलं नाही. मला तेव्हा वाटायचं, चांगलं ते सगळं इंग्रजीत असतं.

दीड महिन्याने प्लास्टर काढायला आपण दवाखान्यात गेलो. डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले. तू स्टुलावर बसून एकदा त्यांच्या तोंडाकडे, एकदा माझ्या तोंडाकडे बघत होतीस. ते दोन वाक्यं बोलले. त्यातलं एक टेक केअर ऑफ हर होतं, आणि दुसरं काय होतं ते मला आठवत नाही. पहिलं वाक्य मला इतकं आवडलं होतं, की दुसऱ्याकडे माझं लक्षच नव्हतं. परत येताना रिक्षात तू म्हणालीस, "अगो, तो म्हणत होता, मुंगी चढते तशी भिंतीवर बोटं चढवायची."

"कोण?"

"तो गो, प्लास्टर कापणारा. कंपाउंडर."

"कंपाउंडरचं काय ऐकतेस? मी डॉक्टरांशी बोलल्ये. जपायचं आहे. हात अजिबात हलवायचा नाही."

घरी आल्यावर मी बाबांच्या जुन्या धोतराची झोळी करून तुझा हात गळ्यात बांधला, रहाटाचा दोर सोडून माळ्यावर टाकला आणि स्वयंपाकाला बाई लावली. शेजारणी म्हणाल्या, लेक असावी तर अशी. मला ते आवडलं. दिवाळीपर्यंत तुझा हात काखेला चिकटल्यासारखा झाला.

मग केसांचा प्रश्न आला. तुझे केस शेवटपर्यंत दाट होते. अंबाडा तू आरशाशिवाय घालायचीस, उभ्या उभ्या, दातात आकडा धरून, दोन्ही हात मागे, तीन वळसे, झालं. आता तो मला घालावा लागायचा. सकाळची शिफ्ट, डोक्यात बसची वेळ, आणि तू समोर पाटावर. मी ओढून ओढून विंचरायचे. तू "आई गं" सुद्धा म्हणाली नाहीस. पुढच्या वैशाखात एकदा फणीत गुंता अडकला तेव्हा मी म्हटलं, "हे काही रोज जमायचं नाही. गणपतीपर्यंत तुझा तुला अंबाडा घालता आला तर ठीक, नाहीतर कापून टाकू. बॉबकट. सुटसुटीत." तू मान वळवून माझ्याकडे पाहिलंस. म्हणालीस, "अगो, माझी आत्या..." आणि थांबलीस.

तुझ्या आत्याची गोष्ट मला माहीत होती. दापोलीकडच्या तुझ्या माहेरच्या घरात ती बारा-तेराव्या वर्षी विधवा होऊन परत आली होती. न्हावी यायचा त्या दिवशी ती गोठ्यात जाऊन लपायची आणि तुम्हा पोरांनाच तिला शोधून आणायला पाठवायचे. एकदा ती तुला सापडली होती. हे तूच मला सांगितलं होतंस, मी दहा वर्षांची असताना. तरी बॉबकट म्हणताना मला आमच्या कॉन्व्हेंटच्या मुली दिसत होत्या, कानाशी कातरलेल्या केसांच्या, हसणाऱ्या. तुला काय दिसलं असेल याचा विचार करायला मला बस गाठायची होती.

त्यानंतर काही दिवसांनी भिंतीवर ठिपके दिसायला लागले. चुन्याची पांढरी भिंत, आणि त्यावर हळदीच्या बोटाचे ठिपके, एकाच्या वर एक, खिडकीच्या कडेने. मी म्हटलं, "आई, भिंतीला हात पुसू नकोस. फडकं आहे ना?" तू म्हणालीस, "चुकून लागला असेल गो." गणपती जवळ येत होते. गणपतीच्या आधी सगळं गाव घरांना रंग काढतं, म्हणजे नवा रंग देतं. मीही रंगारी बोलावला आणि स्वयंपाकघराला माणसाच्या उंचीपर्यंत ऑइलपेंट लावून घेतला, फिकट हिरवा. म्हणजे डाग पडले तरी पुसता येतात आणि भिंत गुळगुळीत राहते. तू ओट्याशी उभी राहून बघत होतीस. ब्रश ठिपक्यांवरून खालून वर गेला. रंग वाळल्यावर तू एकदा तिथे बोटं टेकलीस आणि ती घसरून खाली आली. त्यानंतर तू त्या भिंतीशी गेलेली मला दिसली नाहीस.

हरतालिकेच्या आदल्या दिवशी परसात, खुर्चीवर बसवून, मी माझ्या हाताने तुझे केस कापले. शिवणाची कात्री होती. कापलेले केस तू ओच्यात गोळा केलेस आणि कुठे ठेवलेस ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तू घरात डोक्यावरून पदर घ्यायला लागलीस. जन्मात घेतला नव्हतास. गणपती आले, आरतीला माणसं जमली, मी घंटा वाजवत होते. तू माजघरातच दाराआड उभी राहिलीस. सणाला माहेरी आलेल्या धाकट्या बहिणीने हाक मारली, "आई, पुढे ये ना," तर आतून म्हणालीस, "दिसतो मला इथून." दाराआडून गणपती दिसत नाही. मी नंतर उभी राहून बघितलं आहे. दोन वर्षांनी तू गेलीस तेव्हा तुझे केस खांद्याला टेकले होते. त्यांचा अंबाडा होत नव्हता.

आता माझं ऐक. मे महिन्यात धाकटीची मुलगी पुण्याहून आली होती. तू तिला पाहिलं नाहीस, पण नाक तुझं आहे. मी एका हाताने रबर लावून केसांचं शेपूट करून बसले होते. ती म्हणाली, "मावशी, कापून टाक ना. किती ईझी पडेल! आणि क्यूट दिसशील."

"क्यूट कुत्र्याची पिल्लं असतात," मी म्हटलं.

"अगं, पण रोज कोण घालून देणार तुला?"

"मी. गणपतीपर्यंत माझा मी घातला तर घातला. नाहीतर आण कात्री."

तोंडातून निघून गेलं. तिला त्यात काही वाटलं नाही, ती हसली आणि फणी घेऊन माझ्या मागे बसली. हळू विंचरत होती. गुंता आला की मुळाशी धरायची, म्हणजे ओढ बसत नाही. तिला हे कुणी शिकवलं, ठाऊक नाही. मी शिकवलेलं नाही. मी समोरच्या भिंतीकडे बघत होते. डोळ्यांत पाणी यायला हवं होतं असं मला वाटलं, पण आलं नाही.

तेव्हापासून मी एक दिवस चुकवलेला नाही. तुला हसू येईल असले प्रकार आहेत. आधी ओट्यावर डावा हात टेकून वाकायचं आणि उजवा नुसता लोंबू द्यायचा, विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा, आणि हलकेच गोल फिरवायचा. मग मुंगी. मग भिंतीपासून हातभर लांब उभं राहून दोन्ही तळवे टेकायचे आणि जोर काढायचे, नाक भिंतीला लागेपर्यंत. मी म्हटलं, "तालमीतल्या पैलवानासारखे?" व्यायामाची मुलगी म्हणाली, "तेच, फक्त उभ्याने. जमले की मग ओट्यावर, मग खुर्चीवर, मग जमिनीवर." मी विचारलं, डंबेल वगैरे काही आणू का? "कशाला मॅडम? वजन तुमचं आहेच की."

"माझ्या वजनावर जाऊ नकोस."

"खांद्यावर जात्ये हो मी."

पहिले पंधरा दिवस भिंतीवर पाचसुद्धा निघत नव्हते. आता ओट्यावर बारा निघतात, तीन वेळा, मध्ये दम खाऊन. शेवटी खुर्चीत बसून पाठीची दोन्ही पाती मागे ओढायची, मध्ये काहीतरी धरून ठेवल्यासारखी, आणि दहा आकडे मोजायचे. मी सिस्टरचं वाक्य म्हणते, ती पोर हसते. दुखतं. पण आता दुखणं आणि मी एकाच घरात राहतो, एकमेकांशी बोलत नाही. बोटं ऑइलपेंटवरून घसरतात म्हणून मी त्या कडेचा पट्टा सँडपेपरने घासून काढला. एकावर एक चढलेल्या हिरव्याखाली पांढरा लागला. तुझे ठिपके लागले नाहीत. चुन्यावर हळद लाल होते, मग उडते, हे मला माहीत असायला हवं होतं.

तुझा शेवटचा ठिपका कुठे होता ते मात्र मला पक्कं आठवतं. खिडकीच्या चौकटीच्या वरच्या कडेला दोन बोटं कमी. तिथून अंबाड्यापर्यंत फार अंतर नाही. त्या मुलीला मी खोदून विचारलं, नाव न सांगता. ती म्हणाली, "एवढा हात चढत असेल तर महिना-दीड महिना अजून. नक्की गेला असता मागे." काल माझी रेघ तुझ्या ठिपक्याच्या पुढे गेली. आज सकाळी मी आरशाशिवाय उभी राहिले, दातात आकडा धरला, दोन्ही हात मागे नेले. तीन वळसे झाले नाहीत, दोनच झाले. सैल आहे, एका बाजूला कललाही आहे, पण माझ्या हाताचा आहे आणि अजून सुटलेला नाही. गणपतीला अकरा दिवस आहेत.

मग मी पडवीत आले. शेजारच्या घरी रंगकाम चालू आहे, दोन दिवस इकडे टर्पेंटाइनचा वास येतो आहे. शिडीवरचा रंगारी मला बघून ओरडला, "काय हो काकू, तुमच्याकडे कधी? स्वयंपाकघर तरी काढून टाकू, गणपती आले!"

मी म्हटलं, "यंदा रंगाची पाळी नाही. गेल्याच वर्षी काढलाय."

तो बरं म्हणाला आणि कामाला लागला. मी तिथेच उभी राहिले. मग आत येऊन कागद घेतला आणि इथवर लिहिलं. हे पत्र आकड्यांच्या डबीखाली राहील. ती डबी तुझी आहे, एवढाच तुझा पत्ता माझ्याकडे आहे. वरचं सगळं खरं आहे, एक सोडून.

भिंतीला हात पुसू नकोस असं मी तुला म्हटलं तेव्हा ते ठिपके कसले आहेत हे मला माहीत होतं. त्याच्या आदल्या शनिवारी मी लवकर सुटले होते आणि मागच्या दाराने आले. तू भिंतीशी होतीस, माझ्याकडे पाठ करून. बोटं चढवत होतीस आणि हळू आवाजात मोजत होतीस. हात थांबला तिथे तो तसाच धरून, डाव्या हाताचं बोट वाटीतल्या हळदीत बुडवून तू ठिपका लावलास आणि एक पाऊल मागे येऊन त्याच्याकडे बघितलंस. मी डॉक्टरांशी बोलले होते, आणि तू कंपाउंडरचं ऐकत होतीस. मी तशीच मागे फिरले, पुढच्या दाराला गेले आणि कडी वाजवली. मी आत आले तेव्हा तू तांदूळ निवडत होतीस.

सोमवारी मी रंगारी बोलावला. घराला रंग आदल्या वर्षीच काढला होता, आई. त्या वर्षी पाळी नव्हती.